परड्यातले कावळे

लग्नाला बरीच वर्षं होऊनही सिंधुबाईची कूस उजवली नाही, तेव्हा मोहनरावानं दुसरं लग्न केलं आणि पहिलीला घरातून काढून मागच्या परड्यात ठेवलं. माहेरी परत धाडायला तिला माहेर उरलं नव्हतं. मानमोडी तापाच्या साथीत आईबाप एका आठवड्यात गेले होते, भाऊ मुळातच नव्हता.

निमगाव केतकीच्या शिवारात ओढ्याच्या काठाला मोहनरावाचा पानमळा होता. मळ्याला लागून घर, घरामागं परडं आणि परड्याच्या टोकाला कडबा ठेवायचं एक छप्पर. त्या छपरात सिंधुबाईला चूल घालून दिली. घरात यायचं ते पहाटे दळायला आणि दुपारी धुण्याचं बोचकं उचलायला. पानमळ्यात तर पाऊल टाकायचं नाही. वांझेची सावली पडली की पानवेल करपते, असं मोहनरावाच्या डोक्यात बसलं होतं. एका उन्हाळ्यात ओढ्याचं पाणी आटलं आणि खरंच काही वेल करपले, तेव्हा त्यानं तिला परड्यात गाठून बैलाच्या कासऱ्यानं मारलं होतं.

पाखरांचा नाद तिला छपरात आल्यावर लागला. आधी नुसतं खरकटं टाकायची. मग तव्याला चिकटलेले पापुद्रे, जात्याभोवतीचं पीठ, भरडलेल्या कण्या असं वेगळं ठेवू लागली. फुटक्या रांजणाचं बूड तिनं पेरूखाली मांडलं आणि त्यात पाणी भरून ठेवलं. सकाळी दळण उरकून ती छपराच्या दारात बसायची आणि ओच्यातला मूठभर दाणा समोर फेकायची. चिमण्या सगळ्यात आधी उतरायच्या. होले जोडीनं यायचे, दाणा खाताना एकमेकांना ढकलायचे. साळुंक्यांचं भांडण चालायचं. सातभाई सगळ्यांत उशिरा, घोळक्यानं, कलकलाट करत यायचे आणि पाण्यात बसून पाणी उडवायचे. एक भारद्वाज होता, तो कधी दाण्याला यायचा नाही. नुसता कुंपणाखालून लाल डोळे रोखून चालत जायचा.

कावळे ओढ्यावरच्या चिंचेवर राहायचे. त्यांना दाणा नको असायचा, भाकरी हवी असायची. सिंधुबाई त्यांना ओळखू लागली. त्यांच्यातला एक मोठा होता, चोचीचं टोक मोडलेला. तो उतरल्याशिवाय दुसरे उतरत नसत. पोट भरलं की तो चिंचेच्या आडव्या फांदीवर जायचा, चोच एकदा या अंगानं, एकदा त्या अंगानं घासायचा आणि पिसं फुगवून बसायचा. मग समोर पुरणपोळी टाकली तरी ढुंकून बघायचा नाही. भूक लागली की मात्र त्याचं बसणं मोडायचं. खालच्या फांदीवर यायचा, मान वाकडी करायचा, तिरक्या उड्या मारायचा. सिंधुबाईला दुसरं बघायला काही नव्हतं, म्हणून ती हे बघत बसायची.

दुसरी बायको फुलाबाई बारामतीजवळच्या, कालव्यावरच्या गावची. भाऊ भीमा भाजीपाला पिकवून बारामतीच्या बाजारात विकायचा. पोरगी हसरी होती आणि मनानं मऊ. आली त्या महिन्यापासून ती सिंधुबाईला आक्का म्हणायला लागली. नवऱ्याचा डोळा चुकवून परड्यात यायची आणि पदराखालून भाकरीचे तुकडे काढायची.

"आक्का, ह्ये पाखरास्नी घ्या. आज लई उरल्यात."

सिंधुबाई घ्यायची, पण तिच्याकडे बघायची नाही. ती गेल्यावर स्वतःशी पुटपुटायची, "माझ्याच घरातलं उरलेलं मला आणून देती." फुलाबाईनं तोंड वाकडं केलं असतं, टोचून बोलली असती, तर सिंधुबाईला सोपं गेलं असतं. तिच्या भलेपणाचाच तिला जास्त राग यायचा.

वर्षाच्या आत फुलाबाईला मुलगा झाला. जयवंता. बारशाला सिंधुबाईला घरात येऊ दिलं नाही. पोर रांगायला लागलं आणि परड्याच्या दाराशी येऊन पाखरांकडे बघत बसू लागलं. साळुंकी चालली की तेही मान हलवायचं. फुलाबाई त्याला कडेवर घेऊन उंबऱ्यात उभी राहायची आणि म्हणायची, "बघ, थोरल्या आयेची पाखरं." सिंधुबाई दाणा फेकत असायची. तिचा हात एकदम थांबायचा.

पोर दोन वर्षांचं झालं असेल तेव्हाची गोष्ट. मोहनराव विड्याच्या पानांच्या करंड्या बैलगाडीत घालून इंदापूरला गेला होता. फुलाबाईनं जयवंताला परड्यात सोडलं. तो सरळ सिंधुबाईच्या पुढ्यात जाऊन बसला. तिच्या हातात पिकलेला पेरू होता, बुलबुलांसाठी फोडलेला. पोरानं तोंड उघडलं. सिंधुबाईनं फुलाबाईकडे बघितलं.

"द्या की," फुलाबाई म्हणाली. "कोण बघतंय?"

सिंधुबाईनं पेरूची फोड पोराच्या तोंडात घातली. त्याची जीभ तिच्या बोटाला लागली. इतक्या वर्षांत तिच्या हातून माणसाच्या पोरानं खाल्लेला तो पहिला घास.

मोहनराव वाटेतूनच परतला होता, बैलाचा पाय दुखावला म्हणून. तो दारात उभा होता हे दोघींनाही कळलं नाही. त्यानं येऊन पोराला उचललं, त्याच्या घशात बोट घालून त्याला ओकायला लावलं आणि मोरीवर नेऊन त्याचं तोंड खसाखसा धुतलं. पोर निळं पडेपर्यंत रडलं. मग त्यानं फुलाबाईला केसांना धरून घरात ओढलं. सिंधुबाईनं छपरात बसून सगळं ऐकलं. तिला स्वतःला मात्र त्यानं बोटही लावलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो परड्यात आला. हातात ज्वारीनं भरलेलं ताट होतं.

"घे," तो म्हणाला. "पाखरास्नी घाल. तुला त्येवढाच इरंगुळा हाय. काल माझं डोकं फिरलं हुतं."

सवत आल्यापासून त्यानं सिंधुबाईला आपल्या हातानं काही दिलं नव्हतं. तिनं दोन्ही हातांनी ताट घेतलं. दाणा टपोरा होता, बियाण्याचा असावा असा. तिनं तो लांबवर, सगळ्यांना पुरेल असा उधळला. चिमण्या उतरल्या, होले उतरले, साळुंक्या आल्या, सातभाईही आले. मोहनराव दाराला टेकून उभा होता. तो जात का नाही, असं तिच्या मनात आलं, पण तिला ते बरंही वाटलं. आपल्याबरोबर कुणी पाखरं बघतंय, हे तिला नवं होतं.

आधी एक होला बसल्या जागी कलंडला. मग चिमण्या. पंख पसरून मातीत गोल फिरायच्या आणि थांबायच्या. साळुंकी उडून पेरूपर्यंत गेली आणि तिथून खाली पडली. सिंधुबाई धावली. उरलेला दाणा पदरानं गोळा करू लागली, पाखरांना हुसकावू लागली, पण ती ओळखीची पाखरं, तिला भीत नव्हती. ती तिच्या पायाशीच दाणा टिपत राहिली.

"बघितलंस?" मोहनराव म्हणाला. "तुझ्या हाताला ह्योच गुण हाय. आता माझ्या पोराला हात लावू नगं."

तो मळ्यात निघून गेला. सिंधुबाईनं मेलेली पाखरं पाटीत भरली. कावळे वरून ओरडत होते. त्यांनी ही खाल्ली तर तेही मरतील म्हणून तिनं कुंपणाशी खोल खड्डा खणला आणि पाटी त्यात उलटी केली. वर दगड ठेवले. त्यानंतर कितीतरी दिवस परड्यात चिमणी आली नाही. फक्त कावळे येत राहिले.

पुढच्या वर्षी, माघात, मोहनरावाच्या पाठीत काळपुळी झाली. वैद्याचे लेप झाले, पोटिसं झाली. पाठ फुटली, ताप चढला आणि तो गेला. आजारात सिंधुबाईला घरात घेतलं नव्हतं. त्याचं कण्हणं परड्यात ऐकू यायचं तेवढंच. मढं उचललं तेव्हा तिनं बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं, बायका रडल्या तशी रडली. मात्र तिच्या मनात तेव्हापासून एकच गोष्ट घोळत होती. ह्याला सुटू द्यायचं नाही.

दहाव्याला कावळा शिवला नाही तर मेलेल्याचा जीव अडकतो, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. दहावा ओढ्याकाठी, परड्याच्या मागंच व्हायचा होता. चिंचेवरचे कावळे तिचेच होते.

दहाव्याच्या दिवशी तांबडं फुटायच्या आत तिनं चूल पेटवली. आदल्या बाजारातून आणलेलं सुकट गाडग्यात होतं. सुतक होतं, घरात सुकट शिजणं शक्य नव्हतं, पण छपरात कोण बघायला येणार? तिनं ते भाजलं, भाकऱ्या कुस्करून त्यात तेल घालून कालवलं आणि पाटीभर काला परड्यात ओतला. मोडक्या चोचीचा कावळा आधी उतरला. मग सगळी चिंच रिकामी झाली. कावळे खात होते, घशात भरून नेत होते, परत येत होते. ती आणखी ओतत राहिली.

"खावा," ती हळू आवाजात म्हणत होती. "पोटभर खावा. त्येला बसू द्या बोंबलत."

उन्हं वर आली तेव्हा मोठा कावळा आडव्या फांदीवर जाऊन बसला. चोच घासली, पिसं फुगवली. सिंधुबाईनं पाटी धुतली, जागा झाडली आणि पांढरं लुगडं नेसून ओढ्यावर गेली.

गावातली माणसं जमली होती. मोहनरावाचा धाकटा भाऊ कुंडलिक यानं क्षौर केलं, भटजींनी सांगितलं तसे विधी केले आणि पिंड मांडले. सगळे मागं सरले. चिंचेवर कावळे होते, ढिगानं होते, पण एकही हलला नाही.

मग कुंडलिक हात जोडून पुढं झाला.

"दादा, मळ्याची काळजी करू नगंस. येल वाळू देणार न्हाय."

कावळे बसून राहिले.

"जयवंताला माझ्या पोरावानी वाढवीन."

काही नाही. कुणी म्हणालं, त्याचा बैलावर फार जीव होता. कुंडलिकनं बैल विकणार नाही असं वचन दिलं. कुणी म्हणालं, खंडोबाचा नवस राहिलाय. कुंडलिकनं तोही कबूल केला. ऊन चढत होतं. माणसं एकमेकांकडे बघू लागली. भटजी म्हणाले, दर्भाचा कावळा करून शिववता येईल.

"आन् गावात तोंड कुठं दावायचं?" मोहनरावाची आत्या दगडाबाई कडाडली. म्हातारी वाकलेली होती, पण तिच्या शब्दाशिवाय घरात पान हलत नव्हतं. "माझ्या भाच्याला गवताचा कावळा शिववणार? काय तरी अडलंय त्येचं. हुडका." तिची नजर फिरली. "थोरलीचं म्हणावं का काय? कुंडलिका, बोल बाबा."

कुंडलिक म्हणाला, "दादा, थोरल्या वैनीला उपाशी ठिवणार न्हाय. परड्यातनं काढणार न्हाय."

सिंधुबाई खाली मान घालून उभी होती. तिला आतून हसू येत होतं. जिवंतपणी ज्याला तिची आठवण नव्हती, त्याच्या नावानं आज सगळा गाव तिला वचनं देत होता, आणि ती वचनं फुकट जात होती. तिचं काम झालं होतं. आणखी एक घटका गेली की लोक कंटाळून दर्भाचा कावळा करतील आणि मोहनराव जन्माचा लोंबकळत राहील.

"मग ही धाकटी," दगडाबाई म्हणाली.

बायकांच्या घोळक्यात फुलाबाई पोराला घेऊन बसली होती. आठवडाभर तिच्या पोटात धड अन्न नव्हतं. दगडाबाईनं तिला दंडाला धरून उठवलं.

"ही आली आन् त्येला उतरती कळा लागली. चल, म्होरं हो. काय केलंस त्येच्या जीवाला?"

"म्या काय करीन आत्याबाई?" फुलाबाई रडू लागली. "रातध्याड उशाशी बसले."

"मग कावळा का शिवना?"

फुलाबाई पिंडासमोर गुडघ्यावर बसली आणि सुचेल ते बोलू लागली. म्होतूर लावणार नाही, दुसरा नवरा करणार नाही म्हणाली. जन्मभर सोमवार करीन म्हणाली. एकवेळ जेवीन. मीच परड्यात राहीन आणि आक्काला घरात घेईन. प्रत्येक वचनानंतर ती वर चिंचेकडे बघायची. लोकही बघायचे. बायकांत कुजबूज सुरू झाली. आता बैल, मळा, नवस सगळे विसरले होते. दोष हिचाच, असं ओढ्याकाठी ठरून गेलं होतं.

सिंधुबाईला हे अपेक्षित नव्हतं. तिनं जाळं टाकलं होतं ते मेलेल्यासाठी. तिनं मान वर केली. एकदा तिला वाटलंही, की सांगावं: अगं बाई, ऊठ, कावळ्यांची पोटं भरलीत, बाकी काही नाही. पण सांगितलं असतं तर याच लोकांनी तिला दगडांनी ठेचलं असतं. तिनं पुन्हा मान खाली घातली.

"म्हण," दगडाबाई फुलाबाईच्या डोक्यावर उभी राहून म्हणाली, "म्हण, मी ह्या घरात ऱ्हाणार न्हाय. भावाकडं जाती. पोर थोरलीच्या वटीत घालती."

फुलाबाईनं जयवंताला छातीशी आवळलं. कुंडलिकनं तोंड दुसरीकडे वळवलं. तरुण विधवा घरात नसली तर मळ्याला वाटेकरी एक कमी, हे त्याला न सांगता कळत होतं.

त्याच वेळी सिंधुबाईची नजर चिंचेवर गेली. मोठा कावळा आडव्या फांदीवर नव्हता. तो खालच्या फांदीवर आला होता. त्यानं मान वाकडी केली. एक तिरकी उडी मारली. मग आणखी एक. दुपार झाली होती, सकाळचा काला जिरला होता. हे तिथं फक्त तिला दिसत होतं. आता तो उतरणार. कुणी काहीही म्हणालं, किंवा कुणीच काही म्हणालं नाही, तरी उतरणार.

जयवंता आईच्या खांद्यावरून तिच्याकडे बघत होता. त्याचे ओठ पेरूच्या दिवशीसारखे अर्धवट उघडे होते.

सिंधुबाई पुढं गेली आणि फुलाबाईजवळ बसली. तिच्या पाठीवर हात ठेवला.

"म्हण, फुला," ती मायेनं म्हणाली. "त्यांचा जीव अडकलाय. मी हाय की पोराला."

फुलाबाईनं तिच्याकडे बघितलं. या घरात आपलं म्हणावं असं एकच माणूस तिला वाटत होतं, आणि तेच हे सांगत होतं. तिनं डोळे मिटले.

"जाती मी," ती म्हणाली. "पोर आक्काच्या वटीत घालती."

मोठा कावळा फांदीवरून सुटला, सरळ पिंडावर आला आणि त्यानं चोच घातली. त्याच्यामागून सगळे उतरले. लोकांच्या तोंडून एकदम सुस्कारा निघाला. कुणीतरी हात जोडले. दगडाबाईनं फुलाबाईच्या हातातून पोर काढून सिंधुबाईच्या ओटीत घातलं. पोर किंचाळत होतं. मोहनराव सुटला, हे सिंधुबाईच्या ध्यानात आलं ते घरी पोचल्यावर. तोपर्यंत तिला त्याचं काही राहिलं नव्हतं.

तेरावा झाल्यावर भीमा येऊन बहिणीला घेऊन गेला. सिंधुबाई पुढच्या घरात राहायला आली. जयवंता बरेच दिवस जेवला नाही. आईला हाका मारायचा, सिंधुबाईच्या हातावर चावायचा, दारापाशी झोपायचा. ती त्याला परड्यात न्यायची, चिमण्या पुन्हा यायला लागल्या होत्या त्या दाखवायची आणि त्याचं लक्ष तिकडं गेलं की घास भरवायची. हळूहळू त्याच्या हाका कमी झाल्या. पावसाळा सरेपर्यंत तो तिला आये म्हणायला लागला. पहिल्यांदा म्हणाला तेव्हा ती चुलीपुढं बसून पदर तोंडात कोंबून रडली.

दिवाळीनंतर एका सकाळी ती आणि जयवंता परड्यात दाणा टाकत होते. कुंपणापाशी कुणीतरी उभं होतं. तिनं आधी ओळखलं नाही. फुलाबाईच्या गालाची हाडं वर आली होती, लुगडं गुडघ्यापर्यंत धुळीनं भरलं होतं. बारामतीहून सर्व्हिस मोटारीनं येऊन ती फाट्यापासून चालत आली होती. जयवंता सिंधुबाईच्या मागं लपला.

"भिऊ नगा आक्का," फुलाबाई म्हणाली. "पोराला न्याया न्हाय आले. बोलले ते बोलले." ती कुंपणाच्या आत आली नाही. "येक इचाराया आले. झोप लागत न्हाय मला. त्यांचं माझ्यावर काय राहिलं हुतं? रोज आठवती. रोज हुडकती. म्या काय चुकले ते तुमाला तरी ठावं हाय का?"

सिंधुबाईच्या हातातला दाणा खाली सांडला. खरं दोन शब्दांत सांगण्यासारखं होतं. पण ते सांगितलं की ही कुंपण ओलांडून आत येणार, हेही तितकंच खरं होतं. जयवंतानं तिचं लुगडं मुठीत धरलं होतं.

"ठावं हाय," ती म्हणाली. "तुला दुखंल म्हून बोलले न्हाय."

"सांगा."

"शेवटच्या दिशी त्यांनी पाणी मागितलं. मला परड्यात हाक ऐकाया आली. तू पोराला घिऊन बसली हुतीस. पोराला खाली ठिवून उठली न्हाईस. त्ये कोरड्या घशानं गेले."

फुलाबाई आठवू लागली. आजाऱ्याच्या घरात कोण कधी हाक मारत नाही आणि कोणती हाक ऐकायची राहत नाही?

"व्हय," ती हळूच म्हणाली. "येकदा हाक मारली हुती खरी. पोर रडत हुतं माझं." मग तिचा चेहरा मोकळा झाला, उत्तर मिळालं म्हणून. "म्हंजी पोरापायी झालं ह्ये."

सिंधुबाईनं मान डोलावली.

"बसतीस का? भाकरी खा," ती म्हणाली.

"नगं." फुलाबाईनं पदराची गाठ सोडली. त्यात पोरासाठी आणलेल्या रेवड्या होत्या. तिनं त्या कुंपणावर ठेवल्या, पण पोराकडे बघितलं नाही. सिंधुबाईच्या ते ध्यानात आलं. इतक्या लांबून आलेली आई पोराकडे बघायला भीत होती. "तुमचं उपकार लई झालं आक्का," असं म्हणून ती ओढ्याच्या वाटेनं निघून गेली.

"कोन हुती?" जयवंतानं विचारलं.

"वाटसरू," सिंधुबाई म्हणाली.

पुढच्या वर्षी भीमानं बहिणीचं म्होतूर लावलं, नीरेकाठच्या कुणा बिजवराशी. दिलेलं वचन मोडायला तिची तयारी नव्हती म्हणे, पण भावानं विचारलंच नाही. त्याच्याही पुढच्या वर्षी निमगावच्या बाजारात वांगी विकणारी म्हाळसा नावाची बाई सिंधुबाईला भेटली. ती फुलाबाईच्या नव्या गावची होती.

"तुमची सवत लई इपरीत वागती बगा," म्हाळसा तागडी धरून म्हणाली. "लेकरू झालं. पर अंगावर घिऊन बसतच न्हाय. घरात कुणी हाक मारली की पाजता पाजता पोर खाली टाकती आन् पाण्याचा तांब्या घिऊन पळती. येकदा चुलीजवळ टाकलं. पाय भाजला त्याचा. नवरा मारतो, तरी तेच. गावात म्हणत्यात, येड लागलंय."

सिंधुबाईनं वांगी घेतली आणि घरी आली. त्या दिवशी तिनं जयवंताला भरवलं, पण स्वतः जेवली नाही. दुसऱ्या दिवशी धुतलेलं लुगडं नेसली, शिदोरी बांधली, आता जड झालेल्या पोराला कडेवर घेतलं आणि फाट्यावर गेली. नीरेकाठी जायचं, फुलाबाईच्या नवऱ्यासमोर उभं राहायचं आणि सगळं सांगायचं. सुकट, काला, कावळा, पाणी. मनात तिनं ते पुन्हा पुन्हा म्हणून बघितलं. पोर कडेवर गात होतं.

मोटार धुरळा उडवत आली आणि थांबली. क्लीनरनं दार उघडलं.

"बसायचं का, मावशी?"

जयवंतानं तिच्या गळ्याला मिठी मारली. मोटारीच्या आवाजानं तो दचकला होता. त्याचे हात घट्ट होते आणि गरम होते.

"न्हाय," सिंधुबाई म्हणाली. "पोराला मोटार दावाया आणलं."

क्लीनर हसला आणि दार लावून घेतलं. मोटार निघून गेली. पोरानं शिदोरी तिथंच सोडायला लावली. फाट्यावरच्या आंब्याखाली बसून तिनं त्याला एकेक घास भरवला आणि ऊन उतरल्यावर ती दोघं घरी आली. नीरेकाठी ती पुन्हा कधी निघाली नाही.